थोरलीची पेरणी

मला गावात दुष्ट म्हणतात. म्हणोत बापडे. तोंडावर म्हणायची एकाचीही टाप नाही, कारण मी मिकायी आहे. मिकायी म्हणजे आवारातली पहिली बायको, थोरली. फाटकातून आत आलात की नाकासमोर जे घर दिसतं ते माझं, रिस्पाचं. उजव्या अंगाला आहे ते धाकटीचं. ते हल्ली असं चकाकतं की दुपारी तिकडे बघवत नाही.

आमच्याकडे पेरणी थोरलीच्या हातानं सुरू होते. आदल्या रात्री नवरा तिच्या घरी निजतो, सकाळी ती पहिली ओळ पेरते, आणि मगच बाकीच्यांनी मातीला हात लावायचा. धाकटीनं आधी पेरलं तर शाप तिच्या पोरांवर जातो. पोरं वाळत जातात आणि दवाखान्यातला माणूस नुसती मान हलवतो. हे काही मी ठरवलेलं नाही. मी इथे सून म्हणून आले त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

पण यंदा पाऊस येऊन दहा दिवस झाले, गाव पेरून मोकळं झालं, तरी मी आपली दारात बसून. मी पेरलं नाही म्हणून धाकटीला पेरता येईना. सगळ्यांना वाटलं, थोरली जळते, म्हणून अडवून बसलीय. जळत होते हे खरंच आहे. पण अडवायचं कारण दुसरं होतं, आणि ते मी आज पहिल्यांदा तोंडातून काढते आहे. माझ्याकडे बी नव्हतं. पेरायचं बी मी खाल्लं होतं.

थांबा, नीट सांगते.

मागच्या वर्षी गावात कुठल्याशा संस्थेची एक पोरगी आली, पँट घातलेली, हातात फोन. घरोघर फिरून छपरं बघत होती. ज्याचं छप्पर गवताचं त्याला पैसे. काम करायला नको, परत करायला नकोत, कुणाच्या पाया पडायला नको, आपोआप फोनवर येऊन पडणार. मी म्हटलं, आजवर देवानं माझं ऐकलं नाही ते या पोरीनं ऐकलं. हाताला धरून तिला घरी आणलं. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे पत्रा आहे ना, आई. मग तुमचं नाव नाही बसत."

पत्रा आहे ना! अगं, तो काय आभाळातून पडला? अकरा वर्षं मी सुक्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तळ्यापासून बाजारापर्यंत चालले. गुडघे गेले माझे त्यात. एकेक पत्रा आणून घर झाकलं. आता त्याला पाच भोकं पडलीत, पाऊस आला की मी खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत असते. "ही भोकं तरी लिहून घे," मी म्हटलं. ती हसून म्हणाली, भोकांसाठी जागा नाही फोनमध्ये. आणि डोर्सिला, माझी सवत, जिनं बारा वर्षांत गवताची एक पेंढी बदलली नाही, तिचं नाव यादीत सगळ्यांत वर!

मी काही मूग गिळून बसणारी नाही. चर्चमध्ये मीच उठवलं की हा पैसा सापाचा आहे. तळ्याच्या तळाशी एक साप आहे, तो नोटा ओकतो आणि सहा महिन्यांत घरातलं एक लेकरू मागून घेतो. चार घरांनी घाबरून पैसे नाकारले. शेजारच्या पेनिनानं नाकारले, आणि पुढे कुणाला काही झालं नाही म्हटल्यावर ती मला अजून शिव्या घालते. डोर्सिलाला तर मी मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. तिनं धाकट्याचं नाक पुसत विचारलं, "साप फोनमधून कसा येईल, मिकायी?"

बघा म्हणजे, वर हुशारी!

पैसे आले. माणसं आली, शिडी आली, गवत उतरलं, पत्रा चढला. पोरांच्या पायात बूट आले. चारही पोरं पहाटे उठून बूट घालून नुसती अंगणात फिरायची, आवाज ऐकायला. एक दुभती शेळी आली. आणि आमचा ओचोला, माझा म्हणा, आमच्या दोघींचा म्हणा, साठी उलटलेला नवरा, जो आधी एक दिवस माझ्याकडे आणि एक दिवस तिच्याकडे जेवायचा, तो तिच्या चुलीपासून हलेना. दूध घातलेला चहा मिळत होता ना तिथे, वर पाव. कुत्रंसुद्धा तिकडे गेलं.

महिनाभरात या म्हाताऱ्याच्या डोक्यात तिसऱ्या बायकोचं आलं. डोर्सिलाला म्हणाला, "फोन इकडे दे, मी सांभाळतो." तिनं फोन उघडला, आतलं कार्ड काढून चोळीत घातलं आणि रिकामा फोन त्याच्या हातात दिला. म्हणाली, "सांभाळा." हे पेनिनानं मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. मग एकदम राग आला. चाळीस वर्षं मी याची पत्नी, मला असलं काही कधी सुचलं नव्हतं.

आता ताटाचं सांगते, कारण सगळं तिथून बिनसलं. आमच्या दोन घरांत ताटं जायची यायची. माझ्याकडे मासळी असली की एक ताट तिच्याकडे, तिच्याकडे पाला शिजला की एक ताट माझ्याकडे. पत्रा चढला त्या आठवड्यात तिनं ताट पाठवलं, त्यावर मांस होतं. तीन तुकडे. मी ते जसंच्या तसं परत पाठवलं आणि निरोप दिला, "माझ्या घरी अजून चूल आहे म्हणावं." दुसऱ्या दिवशी मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली उगाली आली, तीही परत. तिसऱ्या दिवशी ताट आलं नाही. मी दाराशी बसून वाट पाहिली, खोटं कशाला बोलू.

गुडघ्यांमुळे बाजार सुटलेला. मुलगा ओबुरा नैरोबीत कुठल्याशा इमारतीवर पहारा करतो, त्याचा फोन लागतो तेव्हा तो बोलत नाही आणि बोलतो तेव्हा फोन लागत नाही. कणगी माघात संपली. चुलीवर आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली होती, धुरानं काळी झालेली. सासूनं मला दिलेलं बी ते. दरवर्षी त्यातलंच पेरायचं, त्यातलंच राखायचं. आधी एक काढलं. म्हटलं, एकानं काय होतंय. मग दुसरं काढलं. शेवटचं काढलं तेव्हा मी दार आतून लावून घेतलं होतं, आणि ते दाणे दळायलासुद्धा थांबले नाही, तसेच उकडून खाल्ले. खाताना रडले. एवढं मोठं घर, मी त्या घराची थोरली, आणि उंदरासारखी बी खात बसले.

आणि मग पाऊस आला.

तिसऱ्या दिवशी डोर्सिला दारात. "मिकायी, जमीन भिजलीय. कधी पेरताय?"

"कंबर धरलीय माझी."

"मी चोळून देऊ?"

"तुझ्या पैशाचं तेल नको मला."

ती उंबऱ्याच्या आत आली आणि बोलता बोलता तिची नजर वर गेली, आढ्याकडे, जिथे कणसं असतात तिथे. मी पटकन उठून तिच्या आणि चुलीच्या मधे उभी राहिले. कंबर धरलेली बाई कशी उठते तशी उठले नाही, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. ती तशीच वळून गेली.

पाचव्या दिवशी परत आली. या वेळी बाहेरच उभी राहिली. "मी बैलजोडी सांगितलीय. आधी तुमचं शेत नांगरून देते, मग माझं. बीसुद्धा आहे माझ्याकडे, दुकानातलं. दोघींना पुरेल."

तेव्हाच हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तिच्या तोंडून 'दोघींना पुरेल' असं आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "माझ्या सासूचं बी सोडून मी तुझं ते रंगवलेलं बी मातीत घालू? तुझं घर रंगीत झालं तेवढं पुरे."

सासूचं बी तेव्हा माझ्या पोटातून जाऊनही महिना झाला होता.

मग नवरोबा आले. नवी टोपी, हातात काठी, चेहऱ्यावर पंचायत. माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली, "यिंबोच्या लेकी, असं करू नये. सगळं गाव हसतंय."

"हसू देत. ओबुराच्या बापा, आज वाट कशी चुकलात? चहा थंड झाला का तिकडे?"

"मी आज इथे निजतो. उद्या सकाळी तू पेर म्हणजे झालं."

"इथे निजायला पाच भोकं आहेत छपराला. नवा पत्रा बघा कुठे मिळतो का." आणि मी दार लावलं. तो बराच वेळ बाहेर खाकरत राहिला, मग गेला. दार लावून मी आत काय केलं? पाणी प्यायले आणि पडून राहिले. कसल्या तोंडानं त्याला आत घेणार होते? सकाळी त्यानं म्हटलं असतं, कुठंय बी, आण.

गावात माझ्या नावानं शिमगा चालला होता. पेनिना तर दारावरून जाताना मोठ्यानं म्हणायची, "काही काही बायकांना दुसऱ्याचं हिरवं बघवत नाही बाई!" मी ऐकून घेत होते. मला दुष्ट म्हणवून घेणं परवडत होतं. उपाशी म्हणवून घेणं परवडणारं नव्हतं. दुष्ट थोरलीला लोक घाबरतात. बी खाऊन बसलेल्या थोरलीला कोण विचारतो? तिची ओळ मग कुणीही पेरावी.

दहाव्या दिवशी डोर्सिला आली ती नमस्कार न करता बोलली. "उद्या बैल येणार. अजून थांबले तर माझं पीक जाईल. तुम्ही पेरलंत तरी मी पेरणार, नाही पेरलंत तरी पेरणार."

"पेर की," मी म्हटलं. "पोरं किती गं तुला? चार ना? एक, दोन, तीन..." आणि मी बोटं दाखवून तिची पोरं मोजली, तिथेच अंगणात बूट घालून उभी होती ती.

आमच्यात दुसऱ्याची पोरं मोजत नाहीत. मोजलेल्यांतलं कमी होतं म्हणतात. डोर्सिलाचं तोंड राखेसारखं झालं. तिनं पोरांना पुढे घातलं आणि गेली. माझी मला लाज वाटली. पण ती उशिरा वाटली, डोर्सिला पार आपल्या दारात पोचल्यावर.

त्या संध्याकाळी मी ओचोलाला घरात घेतलं. तो टोपी न काढता घोरला. सकाळी उजाडताच मी कुदळ घेतली, कमरेला पदराची झोळी बांधली, त्यात मूठभर वाळूचे खडे टाकले, भरलेली दिसावी म्हणून, आणि शेतात गेले. ओचोला मागे उभा. बांधापलीकडे डोर्सिला, बैल आणि बैलवाला.

मी पहिला खड्डा घातला. झोळीत हात घातला, मूठ बांधून काढली, खड्ड्यावर उघडली. रिकामी. पायानं माती लोटली. दुसरा खड्डा, तिसरा. एक अख्खी ओळ मी अशी पेरली, या बांधापासून त्या बांधापर्यंत, आणि हात एकदाही चुकला नाही. ओचोला समाधानानं मान डोलवत होता. लांबून त्याला काय दिसणार, जवळूनही दिसत नाही त्याला.

कोंबड्यांनी घात केला. पेरणाऱ्याच्या मागे कोंबड्या येतात, हाकलून हाकलून जीव जातो. त्या आल्या. पहिल्या खड्ड्याशी उकरलं, काही नाही. दुसऱ्याशी उकरलं, काही नाही. मग लाल कोंबडीनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या निघून गेल्या, डोर्सिलाच्या पायाशी, जिथे बियांची पिशवी होती. डोर्सिला कोंबड्यांकडे बघत होती. मग माझ्या ओळीकडे. मग माझ्याकडे. मी कुदळ खांद्यावर टाकली आणि घरी आले. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

आत बसून मी बैलांची वाट पाहत होते. बैलवाल्याची हाक येईना. खूप वेळ आली नाही. मला वाटलं, चहा पीत बसला असेल, हल्ली त्या घरी सगळेच चहा पितात. मग हाक आली, आणि दुपारपर्यंत तिचं शेत पेरून झालं.

आठव्या दिवशी पेनिनानं दारावरून ओरडून सांगितलं, "उगवलं हो तुझं! पण एवढंसंच का पेरलंस?" मला वाटलं टोमणा मारतेय. जाऊन पाहते तर काय, माझ्या उघड्या शेतात एक ओळ उगवलेली. एकच. माझीच, बांधापासून बांधापर्यंत, एकही खड्डा चुकलेला नाही. मी गुडघ्यावर बसून एक कोंब उपटला. खाली बियाचं साल होतं, गुलाबी, दुकानातलं.

मी तशीच तो कोंब घेऊन तिच्या घरी गेले. पहिल्यांदाच त्या नव्या पत्र्याखाली पाय ठेवला. ती मासळी निवडत बसली होती.

"माझ्या शेतात कुणी हात घातला?"

"हळू बोला. हे आत निजलेत."

"तू पेरलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं? माझी दया येते होय तुला?"

ती हसली, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. "दया? तुम्ही माझी पोरं मोजलीत, मिकायी. त्या दिवशी तुमच्या मुठीत काही नव्हतं. कोंबड्यांना कळलं, मला कळणार नाही? तुमची ओळ रिकामी आणि मी माझं पेरलं असतं, तर आज माझ्या घरात काय झालं असतं? म्हणून बैल थांबवले आणि तुमच्या खड्ड्यांत बी टाकलं. माझ्या पोरांसाठी टाकलं. तुमच्यासाठी मी एक दाणा वाया घालवणार नाही."

"म्हणजे पहिलं बी तुझ्या हातचं."

"हो."

"मग शाप काही टळला नाही."

"हात माझा होता, नाव तुमचं घेतलं होतं. प्रत्येक खड्ड्याला घेतलं. शाप हात बघतो की नाव ऐकतो, मला ठाऊक नाही. तुम्ही थोरल्या, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा."

मला कुठून ठाऊक असणार? मी तो कोंब मुठीत दाबला. विचारलं, "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलणार आहेस?"

"परत माझी पोरं मोजलीत तर बोलेन."

ती उठली आणि कोपऱ्यातून एक डबा आणून माझ्या पायाशी ठेवला. झाकण उघडलं तर आत बी, अर्ध्याहून जास्त. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल, आणि बोलली असती तर मी तो डबा तिच्या नव्या पत्र्यावर फेकून मारला असता. पण ती माझ्या डोळ्यांत बघून सावकाश म्हणाली, "याला औषध लावलेलं असतं, मिकायी. हे शिजवून खाता येत नाही."

 डबा उचलला आणि घरी आले.

त्याच दुपारी राहिलेलं शेत पेरलं. उशीर झाला होता, पण पाऊस होता अजून. संध्याकाळी पाहते तर उजवा तळवा गुलाबी. राखेनं घासला, वाळूनं घासला, लिंबू चोळलं. जाईना.

रविवारी चर्चबाहेर पेनिना सगळ्यांशी हात मिळवत माझ्यापर्यंत आली. "मिकायी, पेरलंस बाई एकदाचं!" आणि हात पुढे केला. माझा उजवा हात पदरात गुंडाळलेला. डावा देता येत नाही, आणि उजवा काढला तर अख्खं गाव विचारील की सासूचं बी गुलाबी कधीपासून झालं. पेनिना हात पुढे करून तशीच उभी. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. चार पावलांवर डोर्सिला होती, पोरांच्या गराड्यात. तिनं पाहिलं, आणि तिनं तोंड उघडलं तेव्हा मी पदर आणखी घट्ट गुंडाळला.

"त्यांचा हात दुखतोय," ती पेनिनाला म्हणाली. "पहिली ओळ त्यांनाच पेरावी लागते ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?